सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड: आधी चालताना बघा, मग पैसे द्या

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं की बहुतेक जण लगेच मोबाइलवर जाहिराती चाळायला बसतात. थोडं थांबा. आधी स्क्रूड्रायव्हर घ्या आणि स्वतःच्या कॅबिनेटचं झाकण उघडा. कोणतं कार्ड घ्यायचं, यातलं निम्मं तिथेच ठरतं.

हे मी इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने आठ महिने पैसे साठवले आणि एक जुनं कार्ड घेतलं. व्यवहार झाला ठाणे स्टेशनच्या पुलावर, दोन लोकलच्या मधल्या वेळात. विकणाऱ्याने खोका उघडून दाखवला, कार्ड चकचकीत होतं, याने पैसे पाठवले. रात्री घरी लावलं. विंडोज सुरू झालं, सगळं ठीक वाटलं. गेम सुरू केल्यावर पाचव्या मिनिटाला पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन उमटले आणि मशीन गोठलं. विकणाऱ्याचा नंबर तेव्हापासून बंद. "मामा, दिसायला तर अगदी नवं होतं," असं तो म्हणाला. कार्ड दिसतं कसं यावरून ते चालतं कसं हे कळत नाही, आणि पुढे जे लिहिलं आहे ते सगळं एवढ्याचसाठी.

पहिली पायरी: झाकण उघडल्यावर काय बघायचं

सगळ्यात आधी एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा तो चौकोनी डबा. त्याच्या अंगावरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातला आकडा सोडून द्या आणि १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते बघा. भाच्याच्या मशीनमध्ये कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस होता. वर ठळक ४५० लिहिलेलं आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. गुणाकार केला की १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः या १२ व्होल्टवरच जगतात. म्हणजे त्या डब्यातून दोघांसाठी मिळून १९२ वॉटच उपलब्ध होते. अशा डब्यावर १२५ वॉटचं कार्ड लावणं धोक्याचं आहे. कार्ड चांगलं असूनही मशीन मध्येच बंद पडेल, किंवा त्याहून वाईट काही होईल.

आता वायरी बघा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यापुढची वीज एसएमपीएसमधून वेगळ्या वायरीने घ्यावी लागते: ६ पिनची वायर ७५ वॉटसाठी, ८ पिनची १५० वॉटसाठी. तुमच्या एसएमपीएसला ही वायर मुळात आहे का? नसेल तर दुकानदार हार्डडिस्कच्या साटा वायरीवरून ६ पिन काढून देणारा जोड दाखवतील. तो घेऊ नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटपर्यंतच्या भारासाठी बनवलेला असतो. त्यावर जास्त ओढलं की प्लास्टिक वितळतं. तुमच्याकडे ही वायर नसेल तर दोनच रस्ते आहेत: ७५ वॉटच्या आतलं कार्ड घ्या, नाहीतर कार्डाच्या बजेटमधून आधी चांगल्या कंपनीचा एसएमपीएस नवा घ्या. एसएमपीएस सेकंडहँड घेऊ नये हे माझं ठाम मत आहे.

मग पट्टी घेऊन स्लॉटपासून कॅबिनेटच्या पुढच्या भिंतीपर्यंत किती मिलिमीटर जागा आहे ते मोजा. एका फॅनचं छोटं कार्ड साधारण १७० मिलिमीटरचं असतं, तीन फॅनचं ३०० च्या आसपास जातं. हार्डडिस्कचा पिंजरा मध्ये येत असेल तर तिथपर्यंतच मोजायचं.

मॉनिटरच्या मागे कोणतं पोर्ट आहे तेही बघून ठेवा. घरात जुना मॉनिटर असेल तर त्याला बऱ्याचदा निळं व्हीजीए पोर्ट एवढंच असतं. जीटीएक्स १० मालिकेपासून पुढच्या एनव्हिडिया कार्डांमधून व्हीजीएचा सिग्नलच निघत नाही, त्यामुळे एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो. नुसती पिना जोडून दिलेली स्वस्त वायर चालत नाही.

दुसरी पायरी: काम काय आहे ते ठरवा

१०८० पी, म्हणजे फुल एचडी मॉनिटरवर गेम खेळायचे आहेत, यूट्यूबसाठी एडिटिंग करायचं आहे, ब्लेंडर शिकायचं आहे, की प्रोसेसरच्या नावामागे एफ असल्यामुळे पडद्यावर चित्रच येत नाही? शेवटचं कारण असेल तर साधं, स्वस्त, जुनं कार्डही पुरतं. इंटेलचा आय ३-१२१००एफ किंवा आय ५-१२४००एफ घेणाऱ्यांना हे मशीन जोडल्यावर कळतं: या प्रोसेसरमध्ये डिस्प्लेची सोयच नाही, कार्डाशिवाय मॉनिटर काळाच राहणार.

ब्लेंडर आणि एआयची मॉडेलं घरी चालवून बघणाऱ्यांनी एनव्हिडियाचंच कार्ड बघावं, कारण त्या सॉफ्टवेअरचा मोठा भाग कुडा या एनव्हिडियाच्या स्वतःच्या प्रणालीवर चालतो. नुसत्या गेमसाठी मात्र एएमडीचं कार्ड तेवढ्याच पैशांत अनेकदा जास्त ताकद देतं. नावाच्या आकर्षणापायी ते डावलू नका.

तिसरी पायरी: कोणती कार्डं शोधायची

माझ्या मनात एक सीमारेषा आहे आणि ती ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजकडून कार्ड चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरची आहे. जीटीएक्स १०५० टीआय, १०६०, १०७० ही २०१६ च्या काळातली कार्डं अजून बाजारात ढिगाने मिळतात आणि स्वस्तही वाटतात. पण या पिढीसाठी एनव्हिडियाने नव्या गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेपुरते अपडेट मिळतील. जुने गेम चालत राहतील, पण आज पैसे घालायचे तर एक पिढी पुढे जावं.

७५ वॉटमध्ये बसणारं, वेगळी वायर न लागणारं कार्ड हवं असेल तर २०१९ मध्ये आलेलं जीटीएक्स १६५० बघा. त्यात ४ जीबी मेमरी आहे, म्हणजे नव्या मोठ्या गेममध्ये टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाचे तपशील, कमी ठेवावे लागतील. ऑफिसमधून निघालेलं जुनं ब्रँडेड मशीन घेऊन त्यात कार्ड टाकणाऱ्यांसाठी हेच सोयीचं. मात्र कॅबिनेट अरुंद असेल तर कमी उंचीचं, म्हणजे लो-प्रोफाइल कार्डच लागेल. शिवाय १६५० च्या काही मॉडेलांना ६ पिन लागते, फोटोत कार्डाची वरची कड नीट बघा.

८ पिनची वायर आहे? मग जीटीएक्स १६६० सुपर (६ जीबी, १२५ वॉट) आणि एएमडीचं आरएक्स ६६०० (८ जीबी, १३२ वॉट) या दोघांत मी डोळे मिटून दुसऱ्याकडे जाईन. आरएक्स ६६०० ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं, म्हणजे वयाने लहान, वीज जवळपास तेवढीच खातं आणि ८ जीबी असल्याने १०८० पीला अजून काही वर्षं निभावेल. ब्लेंडरवाल्यांनी थोडे पैसे वाढवून १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० शोधावं. त्याला १७० वॉट लागतात, तेव्हा एसएमपीएस त्या ताकदीचा हवा.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात दिसलं तर थांबा. ते स्लॉटच्या चारच लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, वापरतं. मदरबोर्डचा स्लॉट जुन्या पिढीचा, पीसीआयई ३.० चा असेल, जो आपल्याकडच्या जुन्या मशीनमध्ये हमखास असतो, तर त्याचा वेग चांगलाच पडतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअर नाही, म्हणजे स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्यांच्या ते कामाचं नाही. इंटेलची आर्क कार्डं जुन्या बोर्डावर घेऊ नका. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर ती फार मागे पडतात.

एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात, ही गोष्ट नवख्यांना सगळ्यात महागात पडते. आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर, म्हणजे चित्राची गणितं करणारे छोटे घटक, असतात, पण '५८० २०४८एसपी' नावाचं एक कार्ड आहे, ते खरं तर आरएक्स ५७० च्या बरोबरीचं. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीच्या आवृत्तीची बस, म्हणजे मेमरीपर्यंतची वाट, १९२ बिटची, ८ जीबीची १२८ बिटची आणि हळू. जीटीएक्स १०६० च्या ३ जीबीवाल्यात फक्त मेमरीच कमी नाही, कोअरही कमी आहेत. जीटी १०३० ची डीडीआर४ आवृत्ती जीडीडीआर५ च्या तुलनेत अगदीच मंद. जाहिरातीत नुसतं '३०६०' लिहिलं असेल तर फोन करून विचारा, "किती जीबी, आणि जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट पाठवाल का?" जीपीयू-झेड म्हणजे कार्डाची खरी माहिती दाखवणारं छोटं सॉफ्टवेअर. खरा विकणारा दोन मिनिटांत पाठवतो.

किंमत

इथे आकडे लिहून उपयोग नाही, ते महिन्याला बदलतात. पद्धत अशी ठेवा: त्याच दिवशी तेच कार्ड, किंवा ते मिळत नसेल तर त्याच्या बरोबरीचं नवं कार्ड, १८ टक्के जीएसटीसकट कितीला मिळतं ते पाहा. वॉरंटी संपलेल्या कार्डाला त्याच्या निम्म्याहून जास्त देऊ नये. वर्षभराची वॉरंटी आणि मूळ बिल हातात मिळत असेल तर पासष्ट टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही. बिल मिळत असेल तर त्यावरचा सीरियल नंबर, खोक्यावरचा आणि कार्डाच्या स्टिकरवरचा, तिन्ही जुळवा. त्या ब्रँडची वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे पैसे देण्याआधीच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारून घ्या.

कुठे घ्यायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला. तिथे जुन्या मालाची दुकानं आहेत आणि दुकानातून घेण्याचा मोठा फायदा म्हणजे समोर मशीन लावून दाखवतात. 'टेस्टिंग वॉरंटी' किती दिवसांची, हे विचारा आणि बिलावर किंवा निदान दुकानाच्या चिठ्ठीवर लिहून घ्या. तोंडी सात दिवसांना अर्थ नाही.

घरगुती विक्रेत्याकडून स्वस्त पडतं. मात्र भेट त्याच्या घरी किंवा ऑफिसात, जिथे कार्ड मशीनमध्ये लावलेलं आहे, अशाच ठिकाणी ठरवा. टोकन म्हणून आधी पैसे पाठवू नका, कितीही घाई दाखवली तरी. सैन्यात आहे, बदली झाली आहे, कुरिअरने पाठवतो, असं सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणारे भामटे वर्षानुवर्षं हाच खेळ खेळत आहेत. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

हातात घेऊन बघताना

दिवसाच्या उजेडात जा, नाहीतर मोबाइलचा टॉर्च वापरा. आधी मागची धातूची पट्टी आणि एचडीएमआयची तोंडं पाहा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या कार्डाच्या पट्टीवर आणि स्क्रूंवर गंजाचे ठिपके दिसतात. पट्टीवर थोडा गंज चालेल. पोर्टच्या आत हिरवट थर असेल तर परत ठेवा.

मग स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी दातांची कड. तिच्या अगदी वर, सर्किटवर मोहरीपेक्षा लहान तपकिरी तुकड्यांची ओळ असते. कार्ड निष्काळजीपणे काढताना यातला एखादा तुकडा उडतो. ओळीत एका जागी नुसते दोन चमकते ठिपके आणि मध्ये काहीच नाही असं दिसलं तर तिथून काहीतरी निखळलेलं असू शकतं. काही जागा कारखान्यातूनच रिकाम्या असतात, म्हणून त्याच मॉडेलचा फोटो मोबाइलवर शोधून शेजारी धरून जुळवा.

चिपच्या मागच्या चार स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर कार्ड उघडलेलं आहे. उघडणं हा दोष नाही. थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारा लेप, बदलायला मीही उघडतो. "कधी उघडलं होतं, कशासाठी?" एवढं सरळ विचारा आणि उत्तर ऐका. पण चिपभोवतीचा बोर्ड तपकिरी पडला असेल, चिकट पिवळसर थर असेल, जळकट वास येत असेल तर ते कार्ड हॉट एअरने गरम करून उठवलेलं असण्याची शक्यता मोठी. अशी कार्डं काही आठवडे चालतात आणि पुन्हा मरतात. कितीही स्वस्त असलं तरी नको.

मायनिंगबद्दल, म्हणजे कार्डं रात्रंदिवस चालवून क्रिप्टो नाणी मिळवण्याबद्दल, सगळे विचारतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो नाण्याने आपली पद्धत बदलली आणि कार्डांवर ते नाणं काढणं एका दिवसात बंद झालं. तेव्हा बाजारात आलेली कार्डं अजून हातोहात फिरत आहेत. माझा अनुभव असा की मायनिंगने चिप सहसा मरत नाही. झिजतात ते फॅन, सुकतात ते मेमरीवरचे थर्मल पॅड. म्हणून 'नॉन-मायनिंग' या शब्दावर विश्वासही ठेवू नका आणि त्या भीतीने चांगलं कार्ड सोडूही नका. तपासणीतून जे दिसेल ते खरं. फक्त पी१०६ किंवा सीएमपी नावाची कार्डं टाळा. ती मायनिंगसाठीच बनवलेली आहेत, त्यांना डिस्प्लेचं पोर्टच नाही.

अर्धा तास, घड्याळ लावून

पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड, कार्डावर पूर्ण ताण देणारं फरमार्क आणि मेमरीतल्या चुका मोजणारं ओसीसीटी घेऊन जा. विक्रेत्याला फोनवरच सांगा, "दादा, अर्धा तास लागेल, चालेल ना?" जो नाही म्हणेल त्याच्याकडे जायचा वेळ वाचला. दुकानात ते मशीन देत नसतील तर आपलं कॅबिनेट रिक्षात मांडीवर घेऊन जा. मी तसं केलेलं आहे, आणि दुकानदारांना त्याचं काही वाटत नाही.

आधी जीपीयू-झेड उघडा. नावाआधी 'फेक' असा शब्द आला तर कार्डाचा बायोस बदलून जुन्या चिपला नवं नाव दिलेलं आहे, तिथूनच निघा. नसेल तर शेडरचा आकडा, मेमरीचा प्रकार आणि बस किती बिटची, हे आधी पाहून ठेवलेल्या माहितीशी ताडून पाहा. 'बस इंटरफेस'च्या रकान्याशेजारी प्रश्नचिन्हाचं बटण आहे. ते दाबून छोटी चाचणी सुरू केली की कार्ड प्रत्यक्षात किती लेनवर चालतंय ते कळतं. सोळा लेनचं कार्ड तिथे चार किंवा आठ दाखवत असेल तर ते काढून, सोनेरी दात खोडरबराने हलके पुसून पुन्हा लावून पाहा. आरएक्स ६६०० मुळातच आठ लेनचं आहे, त्याला आठच दिसणार.

आता फरमार्क १५ मिनिटं. सुरुवातीला फॅन फिरत नसतील तर घाबरू नका, बरीच कार्डं गरम होईपर्यंत फॅन बंदच ठेवतात. साधारण ६० अंशांच्या आसपास ते सुरू झाले पाहिजेत. तेव्हा पडद्यावरून नजर काढून कान द्या. हवेचा सूं आवाज ठीक. खर्रखर्र किंवा टिकटिक म्हणजे फॅनचं बेअरिंग गेलं. फॅन बदलता येतो, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. बारीक किणकिण कॉइलची असते, ती निरुपद्रवी.

तापमान चढत जाऊन एका ठिकाणी स्थिर व्हायला हवं. ६५ ते ८० अंशांत थांबलं तर छान. मे महिन्यात नागपुरात खोलीच ४० अंशांची असेल तर पाच-सात अंश वर धरा. जीपीयू-झेडच्या सेन्सरच्या पानावर 'हॉट स्पॉट'चा, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचा, वेगळा आकडा दिसत असेल तर तो नेहमीच्या तापमानापेक्षा १० ते २० अंश जास्त असणं स्वाभाविक. फरक ३० च्या वर गेला तर पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही.

या काळात पडद्यावर ठिपके, रेघा, चौकोन, क्षणभर काळोख, यातलं एकदाही काही दिसलं तर व्यवहार संपला. "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे, घरी ठीक होईल," असं ऐकायला मिळेल. असेलही, पण ते ठीक करून दाखवण्याचं काम विकणाऱ्याचं.

शेवटची दहा मिनिटं ओसीसीटीची व्हीरॅम, म्हणजे कार्डाच्या मेमरीची, चाचणी. चुकांचा आकडा शून्यच हवा, एकसुद्धा चालत नाही. भाच्याच्या कार्डाची नंतर मी हीच चाचणी घेतली. पहिल्या मिनिटाला चुका मोजायला सुरुवात झाली होती. त्या पुलावर हे करता आलं नसतं, पण कुणाच्या घरी सहज झालं असतं. निघण्यापूर्वी मॉनिटरची वायर एकेका पोर्टमध्ये लावून सगळी पोर्टं चालतात हे बघा.

घरी आणल्यावर

मशीनमधल्या आधीच्या कार्डाचे ड्रायव्हर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने साफ करा, मग मशीन बंद करून मागची वायर काढा. ब्लोअरने धूळ काढताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती वेड्यासारखी फिरून बेअरिंग खराब होतं. कार्ड स्लॉटमध्ये टक् आवाज येईपर्यंत दाबा आणि स्क्रू लावा.

८ पिनची वायर लावताना एक खबरदारी घ्या. प्रोसेसरची ८ पिनची वायर दिसायला तशीच असते, पण तिच्यात १२ व्होल्ट आणि अर्थिंगच्या जागा उलट्या. ती ४ अधिक ४ अशी दुभंगते, कार्डाची ६ अधिक २ अशी. बसत नसेल तर जोर लावू नका, चुकीची वायर हातात आहे. आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला लावायची.

पहिल्या दोन दिवसांत फरमार्क पुन्हा १५ मिनिटं चालवा, या वेळी तुमच्या कॅबिनेटचं झाकण बंद करून. विक्रेत्याकडे पाहिलेल्या तापमानापेक्षा दहा अंशांहून जास्त फरक पडला तर दोष बहुधा कार्डाचा नाही, कॅबिनेटमधून गरम हवा बाहेर जात नाही. मागच्या बाजूला १२० मिलिमीटरचा एक फॅन लावून पुन्हा मोजा. हे सगळं दुकानाने लिहून दिलेल्या टेस्टिंग वॉरंटीच्या दिवसांतच उरका, आणि तोपर्यंत खोका आणि चिठ्ठी टाकू नका.